दुआलाचा कंटेनर आणि बीईएससीचा नंबर

प्रश्न : आमची कोल्हापुरात शिरोली एमआयडीसीत छोटी फौंड्री आणि मशीन शॉप आहे. पंपाचे केसिंग, इम्पेलर असे भाग करतो. आजवर सगळा माल देशातच गेला. यंदा एका प्रदर्शनातल्या ओळखीतून कॅमेरूनमधल्या दुआलाची ऑर्डर मिळाली. एक वीस फुटी कंटेनर, भाव सीआयएफ दुआला, म्हणजे दुआलापर्यंतचं भाडं आणि विमा धरून. तीस टक्के रक्कम आगाऊ आली आहे, उरलेली बीएलची (जहाज कंपनीच्या मालपावतीची) प्रत पाठवल्यावर येणार आहे. कंटेनर भरायला अजून तीन आठवडे आहेत. आता मुंबईच्या फॉरवर्डरने, म्हणजे जहाजाने माल पाठवायची व्यवस्था बघणाऱ्याने, कळवलंय की बीईएससी नावाचं मालाच्या ट्रॅकिंगचं प्रमाणपत्र लागेल आणि त्याचा खर्च तुमचा. आमचे सीएचए (कस्टम्सचं काम बघणारे एजंट) म्हणतात, आपलं कस्टम्स असलं काही मागत नाही, मी इतक्या वर्षांत कधी काढलेलं नाही. खरेदीदार म्हणतो, ते पाठवणाऱ्याचं काम. व्हॉट्सअॅपवर एक एजंट भेटला, तो निम्म्या पैशात तासाभरात देतो म्हणतो. शिवाय शिपिंग लाइनच्या वेबसाइटवर कंटेनर कुठे आहे ते दिसतंच, मग हे आणखी ट्रॅकिंग कशासाठी? सासरे म्हणतात, हा आफ्रिकेचा नाद आपल्याला परवडणारा नाही. त्यात काँगोमधल्या किन्शासाहूनही एक विचारणा आली आहे. तिला उत्तर द्यावं की नाही, तेच कळेना. – एक वाचक, शिरोली

उत्तर :

ताई,

आधी सरळ उत्तर देतो. हो, समुद्रमार्गे कॅमेरूनला जाणाऱ्या मालाला बीईएससी लागतं. ते माल पाठवणाऱ्या बाजूनेच काढायचं असतं. तुमच्या फॉरवर्डरने तीन आठवडे आधी सांगितलं हे त्याचं चांगलं काम झालं. पुष्कळ जण जहाज निघायच्या आदल्या दिवशी सांगतात.

तुमचे सीएचए खोटं बोलत नाहीत. त्यांच्या टेबलावर हा कागद येतच नाही. शिपिंग बिल (निर्यातीचा कस्टम्स अर्ज) आइसगेट या कस्टम्सच्या पोर्टलवर दाखल होतं, एलईओ म्हणजे माल चढवायची परवानगी मिळते, कंटेनर न्हावा शेवाच्या टर्मिनलमध्ये जातो. या सगळ्या वाटेवर भारताचा एकही अधिकारी तुम्हाला बीईएससी विचारणार नाही, कारण ती मागणी कॅमेरूनची आहे. त्यातून ज्यांचं काम मुख्यतः दुबई, ओमान किंवा युरोपच्या मालाचं असतं, त्यांच्या कानावर हे नाव पडायचंही कारण नाही. पहिल्यांदा पश्चिम किंवा मध्य आफ्रिकेला माल पाठवणारे नेमके इथेच फसतात. आपल्याकडे सगळं सुरळीत पार पडतं, जहाज निघतं, घरात पेढे वाटले जातात, आणि महिना-सव्वा महिन्याने तिकडून निरोप येतो की कंटेनर सुटत नाही. तोवर बीएल निघालेलं असतं, ईजीएम, म्हणजे जहाजावरच्या मालाची यादी, दाखल झालेलं असतं, आणि प्रत्येक दुरुस्तीला पैसे मोजावे लागतात. वर बंदराचं भाडं आणि शिपिंग लाइनचं डिटेन्शन (कंटेनर परत करायला उशीर झाल्याचा आकार) रोज चढत असतं, ते वेगळंच.

आता हे आहे काय? कंटेनर कुठे पोचला हे सांगणारी ही यंत्रणा नाही. ते काम शिपिंग लाइनची वेबसाइट करतेच. बीईएससी हे आगाऊ नोंदीचं प्रमाणपत्र आहे. कोणाचा माल, कोणाला, किती वजनाचा, किती किमतीचा, कोणत्या जहाजाने, किती भाड्याने येतोय, हे माल पोचायच्या आधी त्या देशाच्या यंत्रणेत नोंदवायचं, फी भरायची आणि मंजुरीचा नंबर घ्यायचा. कॅमेरूनमध्ये ही जबाबदारी तिथल्या राष्ट्रीय शिपर्स कौन्सिलकडे, म्हणजे मालवाहतूक करवून घेणाऱ्यांच्या परिषदेकडे, आहे. तिचं नाव सीएनसीसी, मुख्य कार्यालय दुआलात. फ्रेंच बोलणाऱ्या बऱ्याच देशांत याला बीईएससी किंवा बीएससी म्हणतात. आपल्याकडचे फॉरवर्डर सगळ्यांना मिळून सरसकट ईसीटीएन किंवा सीटीएन म्हणतात. म्हणून उद्या एखाद्या मेलमध्ये वेगळं नाव दिसलं तर गडबडून जाऊ नका. फक्त कोणत्या देशाचं, तेवढं विचारा.

ही पद्धत कुठून आली तेही सांगतो, कारण ‘उगाच पैसे उकळायचा धंदा’ असं तुमच्या सासऱ्यांना वाटत असेल, आणि तसं वाटणं स्वाभाविक आहे. १९७०च्या दशकात नव्याने स्वतंत्र झालेल्या आफ्रिकी देशांचा जवळजवळ सगळा समुद्री व्यापार परक्या जहाज कंपन्यांच्या हातात होता. भाडं त्या ठरवतील तेच. १९७४ साली संयुक्त राष्ट्रांच्या व्यापार परिषदेत लाइनर, म्हणजे ठरावीक मार्गावर नियमित जाणाऱ्या, जहाजांच्या व्यवहाराची एक संहिता झाली. तिच्यातलं सूत्र प्रसिद्ध आहे : मालातला चाळीस टक्के वाटा पाठवणाऱ्या देशाच्या जहाजांना, चाळीस घेणाऱ्या देशाच्या जहाजांना, आणि वीस इतरांना. १९७५ साली पश्चिम आणि मध्य आफ्रिकेचे मंत्री आयव्हरी कोस्टमधल्या आबिजानमध्ये जमले आणि समुद्री वाहतुकीबाबत एकत्र भूमिका घ्यायचं त्यांनी ठरवलं. हा वाटा मोजायचा तर किती माल येतो, किती भाड्याने येतो, हे कळायला हवं. ते बघायला शिपर्स कौन्सिलं पुढे आली. वाटपाचं ते सूत्र पुढे बाजारात टिकलं नाही, पण कौन्सिलं राहिली आणि नोंदीचं काम राहिलं. २००४ नंतर बंदरांच्या सुरक्षेचे आंतरराष्ट्रीय नियम आले, तेव्हा आगाऊ माहितीला आणखी एक कारण मिळालं.

आणि आगाऊ माहिती फक्त आफ्रिकाच मागते असं नाही. अमेरिकेला जाणाऱ्या कंटेनरची माहिती जहाजावर चढवण्याच्या चोवीस तास आधी तिकडे द्यावी लागते. युरोपची स्वतःची पद्धत आहे. भारतानेही २०१८ साली जहाजावरच्या मालाच्या यादीचे (मॅनिफेस्टचे) नवे नियम केले, त्यांतही आगाऊ माहिती आहेच. फरक इतकाच की तिकडे हे काम बहुतेक जहाज कंपनीच्या किंवा आयातदाराच्या माथी असतं, म्हणून आपल्याला जाणवत नाही. कॅमेरून, काँगो, गॅबन, बेनिन, टोगो या देशांनी ते पाठवणाऱ्याच्या हातात दिलंय आणि त्याची फी लावलीय. ही फी शेवटी तिथल्याच ग्राहकाच्या पंपाच्या किमतीत जाते आणि छोट्या मालाला ती जास्त टोचते. मला ही व्यवस्था आदर्श वाटत नाही. पण तो त्या देशाचा नियम आहे, आणि तिथे माल विकायचा तर तो पाळूनच विकायचा.

खर्च कोणाचा, यावर तुमचा फॉरवर्डर आणि खरेदीदार दोघंही तुमच्याकडे बोट दाखवतायत. काम आणि खर्च या इथे दोन वेगळ्या गोष्टी आहेत. काम तुमच्या बाजूनेच व्हायचं, कारण बीएल, भाड्याचं बिल, शिपिंग बिल हे सगळे कागद तुमच्याकडे असतात. खर्चाचं तसं नाही. इनकोटर्म्स २०२० या आंतरराष्ट्रीय विक्रीच्या प्रमाणित अटींमध्ये सीआयएफ विक्रीत निर्यातीच्या औपचारिकता विक्रेत्याच्या आणि आयातीच्या खरेदीदाराच्या आहेत. आयातीसाठी लागणारा कागद मिळवायला विक्रेत्याने मदत करायची, पण ती खरेदीदाराच्या विनंतीवरून, त्याच्या जोखमीवर आणि त्याच्या खर्चाने. बीईएससी हा आयातीच्या बाजूचा कागद आहे असं म्हणायला तुमच्याकडे पुरेसा आधार आहे. प्रत्यक्षात मात्र प्रोफॉर्मात, म्हणजे ऑर्डरआधी दिलेल्या भावपत्रकात, काही लिहिलेलं नसेल तर पाठवणाराच मुकाट्याने भरतो. तुमच्या प्रोफॉर्मात ती ओळ नाही असं धरून चालतो. मग या खेपेला ताणू नका. फॉरवर्डरकडून फीचा आकडा लेखी घ्या, तो खरेदीदाराला दाखवा आणि निम्मा तुम्ही, निम्मा त्याने असं विचारा. नाहीच म्हणाला तर भरून टाका. एका कंटेनरची ही फी तुमच्या मालाच्या किमतीपुढे लहान आहे, आणि न काढल्यास बसणारा दंड व अडकून पडलेल्या कंटेनरचं भाडं तसं नाही. पुढच्या प्रोफॉर्मात मात्र भावाखाली स्पष्ट लिहा : गंतव्य देशाचं कार्गो ट्रॅकिंग प्रमाणपत्र लागल्यास ते विक्रेता काढेल, फी प्रत्यक्ष बिलाप्रमाणे खरेदीदार देईल.

या निमित्ताने तुमच्या सीआयएफ या शब्दाकडे जरा थांबतो. सीआयएफ म्हणजे विमा तुम्ही उतरवणार. पण कॅमेरूनमध्ये आयात मालाचा विमा तिथल्याच मान्यताप्राप्त विमा कंपनीकडे उतरवण्याची सक्ती आहे, आणि ती आयातदारावर आहे. म्हणजे तुम्ही इथे हप्ता भरणार आणि त्याला तिथे पुन्हा भरावा लागणार. खरेदीदाराला आजच विचारा. त्याने तिथे विमा घेतला असेल तर भाव सीएफआर (भाडं धरून, विमा वगळून) करून घ्या, विम्याचे पैसे वाचतील. त्याच पैशांत कदाचित बीईएससीचा प्रश्नही मिटेल. भाव बदललात तर इन्व्हॉइस आणि शिपिंग बिल या दोन्ही ठिकाणी तो एकाच वेळी बदलायला हवा. म्हणून हे बोलणं शिपिंग बिल दाखल होण्याआधी उरका.

आता तुम्ही न विचारलेली, पण मला बीईएससीपेक्षा जास्त काळजी वाटते ती गोष्ट. कॅमेरूनने २०१६ पासून काही वस्तूंसाठी जहाजावर चढण्याआधी मानक तपासणी लावली आहे. तिला पीईसीएई म्हणतात. ती करणाऱ्या आंतरराष्ट्रीय तपासणी कंपन्यांची कार्यालयं मुंबईत आहेत. तुमचा माल तिच्यात मोडतो की नाही हे मालाच्या एचएस कोडवर, म्हणजे कस्टम्सच्या वर्गीकरणाच्या आकड्यावर, ठरतं. मोडत असेल तर तपासनीस माल बघायला येणार तो कंटेनर भरायच्या आधी. बीईएससी एखाद्या वेळी धावपळ करून उशिरा निघतं. ही तपासणी मात्र सील लागल्यावर करायची म्हणजे कंटेनर उघडायचा, वीस-बावीस टन लोखंड बाहेर काढायचं आणि पुन्हा भरायचं. तुमच्या हातात तीन आठवडे आहेत, म्हणूनच हे आत्ता सांगतोय. खरेदीदाराला कोड देऊन लेखी विचारा : या मालाला अनुरूपता प्रमाणपत्र लागतं का? त्याचं उत्तर ‘बहुधा नाही’ असं आलं तर तपासणी कंपनीच्या मुंबई कार्यालयातही विचारा. ‘बहुधा’वर कंटेनर भरू नका.

कोडचा विषय निघालाच आहे. पंपांच्या भागांचा जगभर चालणारा सहा आकडी कोड ८४१३९१ आहे, आपल्याकडे त्याला पुढे दोन आकडे जोडतात. ओतीव लोखंडाचा माल म्हणून ७३२५ टाकणारेही मी पाहिलेत, विशेषतः मशिनिंग न झालेल्या कास्टिंगला. कोणता बरोबर हे तुमचा माल बघून सीएचए ठरवतील. पण तुमच्या शिपिंग बिलावर एक कोड आणि खरेदीदाराने तिकडे आयातीच्या नोंदीत दिलेला दुसरा, असं झालं तर बीईएससीवर कोणता घालायचा? तिथे ड्युटी कोडवर ठरते, त्यामुळे त्याला सोयीचा कोड तुमच्यावर लादायचा मोह खरेदीदाराला होऊ शकतो. पहिले सहा आकडे दोघांनी मिळून ठरवा आणि खऱ्या मालाला लागू असलेलेच ठरवा.

प्रत्यक्ष काम असं होतं. कंटेनर भरला, वजन ठरलं, शिपिंग लाइनला एसआय (बीएलमध्ये घालायची माहिती) गेलं की ड्राफ्ट बीएल येतं. बीईएससीचा अर्ज त्या ड्राफ्टवर सुरू करायचा. ड्राफ्ट बीएल, कमर्शिअल इन्व्हॉइस, भाड्याचं बिल, शिपिंग बिल, शिवाय खरेदीदाराचा तिथला कर ओळख क्रमांक आणि त्याने केलेल्या आयात नोंदणीचा क्रमांक, एवढ्यावर अधिकृत एजंट मसुदा तयार करतो. तो मसुदा तुम्ही तपासायचा, खरेदीदाराला दाखवायचा, मग मंजुरी. अंतिम बीएल आलं की ते जोडून प्रमाणपत्र पक्कं होतं. एका बीएलला एक प्रमाणपत्र. त्याचा नंबर बीएलवर आणि मॅनिफेस्टवर यावा असा आग्रह धरा. तो असल्याशिवाय काही शिपिंग लाइन बीएल सोडतच नाहीत, आणि तुमच्या बाबतीत ते चांगलंच आहे. कारण बीएलची प्रत पाठवल्याशिवाय तुमचे सत्तर टक्के यायचे नाहीत, आणि नंबर नसलेलं बीएल पाहून खरेदीदार पैसे रोखून धरू शकतो.

मुदतीबद्दल वेगवेगळ्या देशांचे वेगवेगळे नियम ऐकायला मिळतील. कुणी म्हणेल जहाज निघायच्या आधी, कुणी म्हणेल निघाल्यावर काही दिवसांत. तुम्ही त्या हिशेबात पडूच नका. एसआय गेल्याच्या दिवशी अर्ज आणि जहाज निघायच्या आधी मंजूर मसुदा, हा नेम धरा. न्हावा शेवाहून दुआलाला जाताना कंटेनर बहुधा वाटेत एखाद्या बंदरात दुसऱ्या जहाजावर चढतो. पहिल्या जहाजाचं नाव तुमच्याकडे असतं, दुसऱ्याचं नसतं, आणि ते बदलूही शकतं. मसुद्यात कोणतं नाव घालायचं आणि बदललं तर दुरुस्ती कोण करणार, त्याची फी किती, हे एजंटला आधीच विचारून ठेवा.

मसुदा तपासताना मी होऊन तीन ठिकाणी बोट ठेवीन. पहिलं वजन. २०१६ च्या जुलैपासून प्रत्येक भरलेल्या कंटेनरचं व्हीजीएम (पडताळलेलं एकूण वजन) द्यावं लागतं, आणि त्यात रिकाम्या कंटेनरचं वजनही धरलेलं असतं. वीस फुटी डबा रिकामाच सव्वादोन टनांच्या आसपास असतो. घाईत कुणीतरी व्हीजीएमचा आकडा उचलून बीईएससीच्या अर्जात टाकतं, आणि बीएलवरचं ग्रॉस वेट, म्हणजे माल अधिक पॅलेट, हे त्याच्याशी दोन टनांनी जुळत नाही. तुमचा माल जड, त्यामुळे असा फरक कुणाच्या नजरेला पटकन खटकत नाही. आकडे दोन्ही मोठेच दिसतात. दुसरं भाडं. शिपिंग बिलात सीआयएफमधून भाडं आणि विमा वजा करून एफओबी, म्हणजे जहाजावर चढवण्यापर्यंतची किंमत, काढलेली असते. तिथे अंदाजे आकडा पडतो. फॉरवर्डरचं बिल नंतर येतं, त्यात इंधन अधिभार वगैरे धरून तो वेगळा निघतो. शिपर्स कौन्सिलला तर भाड्यातच रस आहे, ती तेच मोजायला जन्माला आली. म्हणून फॉरवर्डरकडून भाड्याचा पक्का आकडा शिपिंग बिल दाखल करण्याआधी मागून घ्या. फी वाचवायला भाडं कमी दाखवा असं कुणी सुचवलं तर त्याला तिथेच थांबवा. ती खोटी माहिती तुमच्या सहीने परक्या सरकारकडे जाते.

तिसरं नाव. खरेदीदाराचं नाव इन्व्हॉइसवर एक, बीएलवर दुसरं, आणि त्याच्या कर क्रमांकावर तिसरं असं सर्रास घडतं. दुकानाचं नाव, मालकाचं नाव, नोंदणीकृत कंपनीचं नाव. त्याच्याकडून कर नोंदणीच्या दाखल्याची प्रत मागवा आणि तिच्यावर जसं नाव आहे, तसंच, स्पेलिंगसकट, सगळीकडे वापरा. फ्रेंच नावांत अक्षरांवर खुणा असतात. त्यांचं काय करायचं हेही एजंटला विचारा.

व्हॉट्सअॅपवरच्या एजंटला मात्र उत्तरही देऊ नका. अधिकृत एजंट आपल्या मनाने प्रमाणपत्र छापत नाही, तो कौन्सिलच्या यंत्रणेत नोंद करून मंजुरी घेतो. ड्राफ्ट बीएल यायच्या आत, तुमचे कागद न बघता, तासाभरात निम्म्या पैशात देतो म्हणणाऱ्याकडे काय असणार? एक पीडीएफ. तिचा नंबर दुआलात टाकला की काहीच निघणार नाही, आणि तोवर तो फोन बंद झालेला असेल. त्याहून मोठा धोका दुसराच. तुम्ही त्याला इन्व्हॉइस, खरेदीदाराचा मेल, रक्कम, पैसे यायची तारीख हे सगळं देणार. त्याच माहितीवर पुढे कुणीतरी तुमच्या नावाने खरेदीदाराला मेल करतं की आमचं बँक खातं बदललंय, उरलेली रक्कम या खात्यावर पाठवा. असे प्रकार निर्यातीत नवे नाहीत. खरेदीदाराला आजच फोन करून सांगून ठेवा : खातं बदलल्याचा कोणताही मेल आला तर पैसे पाठवायच्या आधी मला फोन कर.

अधिकृत एजंट शोधायचा तर शिपिंग लाइनच्या मुंबई कार्यालयाकडे विचारा, तुमच्या फॉरवर्डरला त्याचं नाव लेखी मागा, आणि खरेदीदाराला सांगा की दुआलातल्या सीएनसीसीच्या कार्यालयात ते नाव पडताळून घे. तो तिथलाच आहे, त्याला हे अवघड नाही. पुढे प्रमाणपत्र मिळालं की नंबरही त्यानेच तिथे तपासावा आणि तुम्हाला होकार लिहून पाठवावा. शक्यतो पैसे फॉरवर्डरमार्फतच द्या. त्याने एजंटला युरोत भरावेत आणि तुम्हाला रुपयांत जीएसटीचं बिल द्यावं. तुम्ही स्वतः परदेशी एजंटला पैसे पाठवायचे तर बँक परदेशी पैसे पाठवायचा ए-टू फॉर्म आणि बिल मागणार, शुल्क लावणार, एवढ्याशा रकमेसाठी दोन-तीन दिवस जाणार. फॉरवर्डरच्या बिलात कौन्सिलची फी आणि त्याचा सेवा आकार मात्र वेगळा दाखवायला लावा. पहिल्या खेपेला आलेल्या निर्यातदाराला हा आकार कुणी जास्त लावतं, कुणी कमी. दोन फॉरवर्डरकडून दर घेतलात की अंदाज येईल.

आणखी एक. तुमची अट आहे ‘बीएलची प्रत पाठवल्यावर उरलेले पैसे’. प्रत पाठवा, मूळ बीएल मात्र पैसे खात्यात जमा होईपर्यंत हातात ठेवा. खरेदीदार म्हणेल की बीएल टेलेक्स रिलीज करा, म्हणजे मूळ बीएलशिवाय माल सोडायला सांगा, बीईएससीमुळे घाई आहे. बीईएससीला बीएलची प्रत पुरते, मूळ बीएल लागत नाही. या कारणाने कुणी तुमच्याकडून माल आधी सोडवून घेऊ नये.

तुमच्या सासऱ्यांशी मी वाद घालणार नाही. ज्यांनी फौंड्री उभी केली त्यांना पैसा कुठे बुडतो हे माझ्यापेक्षा जास्त कळतं. पण त्यांना एवढं सांगा की दुआला हे नुसतं एका शहराचं बंदर नाही. चाड आणि मध्य आफ्रिकी प्रजासत्ताक या समुद्र नसलेल्या दोन देशांचा बराचसा माल तिथूनच आत जातो. पाणी उपसणारा पंप आणि त्याचे सुटे भाग लागत नाहीत असं गाव त्या पट्ट्यात सापडायचं नाही. कोल्हापूरच्या कास्टिंगला तिथे जागा आहे, आणि ती टिकवायची तर कागदही कास्टिंगइतकेच नीट हवेत. तुमचा आरसीएमसी (निर्यात परिषदेचा सदस्यत्वाचा दाखला) ईईपीसी या इंजिनिअरिंग निर्यात परिषदेचा असेल तर त्यांच्या मुंबई कार्यालयाला फोन करा. कॅमेरूनला आधी माल पाठवलेला एखादा सदस्य गाठून द्या म्हणावं. स्मॅक या शिरोलीच्या उद्योजकांच्या संघटनेतही विचारा. शेजारच्या गाळ्यातल्या कुणीतरी हे आधी केलेलं असण्याची शक्यता बरीच आहे, आणि कोल्हापुरातली माणसं विचारल्यावर सांगतात.

एक लक्षात ठेवा. हा माल दुआलात उतरून पुढे चाडला जाणार असेल तर प्रमाणपत्र चाडचं लागतं, कॅमेरूनचं नव्हे. बीएलवर शेवटचं ठिकाण कोणतं ते खरेदीदाराला स्पष्ट विचारा. दुआलातला व्यापारी पुढे कुणाला विकणार हे त्याचं त्याला माहीत.

किन्शासाच्या विचारणेला जरूर उत्तर द्या, पण भाव लिहायच्या आधी दोन गोष्टी विचारून घ्या. पहिली, माल कोणत्या वाटेने हवाय. लोकशाही प्रजासत्ताक काँगोचं जुनं समुद्री बंदर मताडी आहे, आणि किन्शासाचा माल बहुधा तिकडून जातो. तिथल्या प्रमाणपत्राला फेरी म्हणतात आणि ते ओजेफ्रेम ही सरकारी संस्था देते. तोच देश, पण माल लुबुम्बाशीला हवा असेल तर तो टांझानियातल्या दार-एस-सलाम किंवा दक्षिण आफ्रिकेतल्या डर्बनवरून रस्त्याने जातो, आणि त्या वाटेचे कागद वेगळे. दुसरी, आयातीची नोंद त्याच्या नावावर होणार की दुसऱ्या कुणाच्या. कोटेशनवर वाट, बंदर आणि शेवटचं गाव तिन्ही लिहा, फेरीची फी वेगळ्या ओळीत दाखवा, आणि कोटेशनची मुदत पंधरा दिवसांपेक्षा जास्त ठेवू नका, भाडी तेवढ्यात बदलतात.